पिछाडीच्या उमेदवाराची माघार आणि पक्षैक्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर चार वर्षांनी, साधारणतः मार्च ते जून या महिन्यांत, एक प्रश्न ऋतुमानाप्रमाणे नियमाने उपस्थित होतो. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी एकाच पक्षात जी चढाओढ चाललेली असते, तिच्यात एक उमेदवार पुढे गेलेला असतो आणि दुसरा मागे पडलेला असतो. परंतु मागे पडलेला मैदान सोडीत नाही. मग पक्षातील ज्येष्ठ मंडळी, वृत्तपत्रकार आणि आघाडीवरील उमेदवाराचे साहाय्यक एका सुरात विचारू लागतात, की याने आता बाजूस का होऊ नये? पक्षाच्या ऐक्यासाठी माघार घ्यावयाची तर ती नेमकी केव्हा?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा अंकगणिताच्या साहाय्याने दिले जाते. इतके प्रतिनिधी झाले, इतके उरले, उरलेल्यांपैकी पिछाडीच्या उमेदवारास इतके टक्के मिळविणे अशक्य आहे, म्हणून त्याने माघार घ्यावी, असा हा युक्तिवाद असतो. हे उत्तर अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. गेल्या अर्धशतकातील प्रमुख लढती एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, तर माघारीची योग्य वेळ एका निराळ्या कसोटीने ठरते असे दिसते. पुढे असलेल्या उमेदवारास मतदारांनी बहुमत दिलेले आहे आणि मागे असलेल्यास ते बहुमत उलथून टाकल्याखेरीज विजय मिळणे शक्य नाही, अशी स्थिती आली म्हणजे माघारीची वेळ आली असे समजावे. तोवर झुंजत राहणे हा त्याचा हक्क आहे. एवढेच नव्हे, तर पुष्कळदा ते पक्षाच्या हिताचेही असते.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी व्यवस्थेचे स्वरूप थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे, कारण आपल्याकडील व्यवस्थेहून ते फार भिन्न आहे. आपल्याकडे उमेदवारी ही पक्षाच्या मंडळाने द्यावयाची वस्तू आहे. तिकीट कोणास मिळाले हे यादी प्रसिद्ध झाल्यावर कळते आणि ज्यास ते मिळत नाही तो एकतर निमूटपणे राहतो किंवा बंडखोर म्हणून उभा राहतो. अमेरिकेत उमेदवारी सामान्य मतदारांच्या मतांवर ठरते. प्रत्येक राज्यात प्राथमिक निवडणूक किंवा मतदारांच्या सभा होतात. त्यांच्या निकालानुसार प्रत्येक उमेदवाराच्या वाट्यास काही प्रतिनिधी येतात आणि उन्हाळ्यात भरणाऱ्या राष्ट्रीय अधिवेशनात ज्यास प्रतिनिधींचे बहुमत मिळेल तो पक्षाचा उमेदवार होतो. तेथे बंडखोरीची वाट बहुतांशी बंद आहे, कारण प्राथमिक निवडणुकीत हरलेल्याने पुन्हा अपक्ष म्हणून उभे राहू नये असे कायदे बहुतेक राज्यांनी केलेले आहेत. तेव्हा पराभूतापुढे तीनच मार्ग उरतात : वेळीच माघार, अधिवेशनापर्यंत झुंज, अथवा मौन.

येथे एक तांत्रिक गोष्ट महत्त्वाची आहे. डेमोक्रॅटिक पक्षात १९९२ पासून सर्व राज्यांत प्रतिनिधींची वाटणी मतांच्या प्रमाणात होते. मात्र वाटा मिळण्यासाठी किमान १५ टक्के मते पडावी लागतात. प्रमाणशीर वाटणीत एकदा शंभर-सव्वाशे प्रतिनिधींची आघाडी मिळाली की ती मोडून काढणे अत्यंत दुष्कर होते, कारण मोठे राज्य जिंकूनही विजेत्यास पराभूतापेक्षा दहा-वीस प्रतिनिधीच अधिक मिळतात. पण याच कारणामुळे पुढे असलेल्यासही निर्णायक बहुमत लवकर गाठता येत नाही. लढत जवळजवळ ठरलेली आहे, पण संपलेली नाही, अशी एक दीर्घ संधिकालाची अवस्था त्यातून निर्माण होते. माघारीचा वाद या संधिकालातच रंगतो. रिपब्लिकन पक्षात अनेक राज्ये सर्व प्रतिनिधी विजेत्याच्याच पदरात टाकतात. त्यामुळे तेथे हा काळ सामान्यतः आखूड असतो.

अंकगणित किती फसवे असते याचे उत्तम उदाहरण १९७६ सालचे आहे. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षात विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याविरुद्ध रोनाल्ड रेगन उभे होते. न्यू हॅम्पशायरमध्ये रेगन सुमारे दीड हजार मतांनी हरले. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट, फ्लॉरिडा आणि ज्या राज्यात त्यांचा जन्म झाला ते इलिनॉय येथेही त्यांचा पराभव झाला. लागोपाठ पाच पराभव, मोहिमेवर वाढते कर्ज आणि समोर अध्यक्षपदावर बसलेला प्रतिस्पर्धी, असे चित्र होते. रेगन यांनी माघार घ्यावी असा आग्रह पक्षातूनच होऊ लागला आणि त्यांचे काही निकटवर्तीयही निराश झाले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माघार घेतली असती, तर ती शहाणपणाचीच ठरविली गेली असती. परंतु २३ मार्च रोजी नॉर्थ कॅरोलिनात ते जिंकले. तेथे सिनेटर जेसी हेल्म्स यांचे संघटन व रेगन यांचे दूरचित्रवाणीवरील अर्ध्या तासाचे भाषण यांनी वारे फिरविले. मे महिन्याच्या पहिल्याच दिवशी टेक्ससमधील एकूण एक प्रतिनिधी त्यांनी मिळविले. कॅन्सस सिटीच्या अधिवेशनास प्रारंभ झाला तेव्हा दोघांपैकी कोणाचेही बहुमत निर्विवाद नव्हते. अखेरीस फोर्ड यांना ११८७ व रेगन यांना १०७० मते पडली. आवश्यक बहुमत ११३० चे होते.

ज्यास मार्चमध्ये संपला असे म्हटले गेले, तो ऑगस्टमध्ये केवळ ११७ मतांनी हरला, ही गोष्ट विसरता कामा नये. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. रेगन यांनी अधिवेशनापूर्वीच आपल्या उपाध्यक्षपदाच्या जोडीदाराचे नाव, सिनेटर रिचर्ड श्वाइकर यांचे, जाहीर केले; आणि मग फोर्ड यांनीही आपला जोडीदार मतदानाआधी जाहीर करावा असा नियम करण्याची मागणी त्यांच्या पक्षाने अधिवेशनात केली. ही दुरुस्ती ११८० विरुद्ध १०६९ मतांनी फेटाळली गेली. हा डावपेच होता यात शंका नाही. परंतु त्याने कोणत्याही राज्यातील मतदारांचा निकाल रद्द होत नव्हता, आणि मतदारांनी फोर्ड यांना बहुमत दिलेलेही नव्हते. म्हणूनच, नियमांशी झटापट करूनही, रेगन यांनी ती मर्यादा ओलांडली असे म्हणता येणार नाही. शेवटच्या रात्री फोर्ड यांनी स्वतः त्यांना व्यासपीठावर पाचारण केले. फोर्ड नोव्हेंबरमध्ये जिमी कार्टर यांच्याकडून हरले. रेगन यांनी प्रचारात मनापासून अंग झाडून काम केले नाही, अशी तक्रार फोर्ड यांच्या गोटात पुढे अनेक वर्षे होत राहिली. तक्रार खरी असो वा नसो, चार वर्षांनी पक्षाची उमेदवारी रेगन यांना मिळाली, यावरून पक्षाने त्यांच्या झुंजीस अपराध मानले नाही हे स्पष्ट होते.

याच्या उलट उदाहरण १९८० चे आहे, आणि आमच्या विवेचनाचा कणा तेच आहे.

सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्याविरुद्ध उमेदवारी जाहीर केली. इराणातील ओलिसांच्या प्रकरणामुळे प्रारंभी राष्ट्र अध्यक्षांच्या पाठीशी उभे राहिले. जानेवारीत आयोवात केनेडी यांचा दणदणीत पराभव झाला आणि मार्चच्या मध्यास इलिनॉयमध्येही तेच घडले. ते आता माघार घेणार असे गृहीत धरले जात असतानाच २५ मार्च रोजी त्यांनी न्यू यॉर्क व कनेटिकट ही दोन्ही राज्ये जिंकली. येथवरची कथा रेगन यांच्यासारखीच आहे. ३ जून या अखेरच्या दिवशी आठ राज्यांत मतदान झाले. त्यांपैकी कॅलिफोर्निया व न्यू जर्सी यांसह पाच केनेडी यांनी जिंकली. परंतु त्याच दिवशी कार्टर यांनी प्रतिनिधींचे बहुमत पूर्ण केले. मतदारांचे काम संपले होते आणि निकाल लागला होता.

केनेडी यांनी मात्र माघार घेतली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात अध्यक्षांशी त्यांची भेट झाली, तीतून काही निष्पन्न झाले नाही, आणि मग त्यांनी निराळीच वाट धरली. त्या वर्षीच्या पक्षनियमानुसार प्राथमिक निवडणुकीत ज्या उमेदवाराच्या नावाने प्रतिनिधी निवडला गेला, त्यालाच पहिल्या फेरीत मत देणे त्यास बंधनकारक होते. हे बंधन काढून टाकावे, अधिवेशन खुले करावे आणि प्रत्येक प्रतिनिधीने सद्सद्विवेकानुसार मत द्यावे, अशी मागणी केनेडी यांच्या बाजूने झाली. युक्तिवाद आकर्षक होता : मार्चमधील परिस्थिती ऑगस्टमध्ये राहिलेली नाही, महागाई वाढली आहे, अध्यक्षांची लोकप्रियता घसरली आहे, मग जुन्या मताचे जोखड नव्या काळावर कशासाठी? परंतु या मागणीचा अर्थ उघड होता. लक्षावधी मतदारांनी कार्टर यांच्या नावावर जे प्रतिनिधी निवडले, त्यांनी त्या मतदारांस विचारल्यावाचून दुसऱ्यास मत द्यावे, असा तो अर्थ होता. ११ ऑगस्ट रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये या प्रश्नावर मतदान झाले. बंधन राखण्याच्या बाजूने सुमारे १९३६ व विरुद्ध सुमारे १३९१ मते पडली. त्याच रात्री केनेडी यांनी आपले नाव मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी केनेडी यांनी जे भाषण केले, ते अमेरिकन राजकीय वक्तृत्वातील उत्कृष्ट भाषणांत गणले जाते. सभागृह कितीतरी वेळ टाळ्यांनी दुमदुमत राहिले. पराभूताच्या भाषणास असा प्रतिसाद मिळाला म्हणजे विजेत्याची स्थिती काय होते, ते १४ ऑगस्टच्या रात्री दिसले. कार्टर यांनी उमेदवारी स्वीकारल्यावर सर्व नेते व्यासपीठावर जमले. केनेडी उशिरा आले, त्यांनी हस्तांदोलन केले. पण दोघांनी एकमेकांचा हात धरून उंच उभारावा, हे जे ऐक्याचे दृश्य अशा प्रसंगी रूढ झालेले आहे, ते काही जमले नाही. अध्यक्ष त्यासाठी व्यासपीठावर घुटमळत राहिले आणि कोट्यवधी प्रेक्षकांनी ते पाहिले. नोव्हेंबरमध्ये रेगन यांना ४८९ व कार्टर यांना ४९ निर्वाचक मते मिळाली.

या पराभवाचे खापर केनेडी यांच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. ओलीस सुटले नव्हते, महागाई व व्याजाचे दर असह्य झाले होते, आणि जॉन अँडरसन यांनी अपक्ष म्हणून साडेसहा टक्क्यांहून अधिक मते घेतली होती. ज्या अध्यक्षाविरुद्ध पक्षातूनच बलवान प्रतिस्पर्धी उभा राहतो, तो अध्यक्ष आधीच दुबळा झालेला असतो. त्यामुळे अंतर्गत लढत हे पराभवाचे कारण की भावी पराभवाचे लक्षण, हे वेगळे करणे अवघड आहे. राज्यशास्त्राच्या वाङ्मयात या प्रश्नाची चर्चा अँड्रू हॅकर यांनी १९६५ मध्ये उपस्थित केली. अटीतटीच्या प्राथमिक लढतीने उमेदवाराचे सार्वत्रिक निवडणुकीत नुकसान होते, ही रूढ समजूत त्यांनी तपासली आणि ती फारशी टिकत नाही असे त्यांना आढळले. लोना अ‍ॅटकेसन यांनी १९९८ मध्ये अध्यक्षीय निवडणुकांचा पुन्हा विचार करताना, विद्यमान अध्यक्षाची लोकप्रियता, आर्थिक स्थिती इत्यादी घटक हिशेबात घेतले की विभाजनाचा परिणाम बराच क्षीण होतो असे दाखविले. तेव्हा, लढत लांबली म्हणजे पक्ष हरतोच, हे विधान शास्त्रीय दृष्ट्या सिद्ध झालेले नाही. विद्यार्थ्यांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावे, कारण माघारीचा आग्रह धरणारे लोक हे विधान स्वयंसिद्ध असल्यासारखे वापरतात.

२००८ सालच्या डेमोक्रॅटिक लढतीत ते पुष्कळ वापरले गेले. बराक ओबामा व हिलरी क्लिंटन यांच्यात अंतर फार थोडे होते. दोघांनाही सुमारे पावणेदोन ते एक कोटी ऐंशी लक्ष मते मिळाली. मार्चच्या अखेरीस सिनेटर पॅट्रिक लीही यांनी क्लिंटन यांनी बाजूस व्हावे असे उघडपणे सुचविले. ओबामा यांनी मात्र, त्यांना हवे तितके दिवस त्या लढू शकतात, असे म्हटले. यात औदार्य किती व धोरण किती, हा भाग सोडून दिला तरी त्याचा परिणाम चांगला झाला. लीही यांच्या सूचनेनंतरही पेनसिल्व्हेनिया, इंडियाना, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी आणि अखेरच्या दिवशी साउथ डकोटा येथील मतदारांनी क्लिंटन यांना विजयी केले. वेस्ट व्हर्जिनियात तर त्यांचे मताधिक्य चाळीस टक्क्यांच्या घरात होते. इतक्या मतदारांना, तुमचे मत येण्याआधीच निकाल लागला, असे सांगून पक्षाचे काय भले झाले असते? उलट, ज्या इंडियाना व नॉर्थ कॅरोलिना राज्यांत एरवी मे महिन्यात कोणी फिरकले नसते, तेथे दोन्ही मोहिमांनी गावोगाव कार्यकर्ते उभे केले व नवे मतदार नोंदविले. नोव्हेंबरमध्ये ही दोन्ही राज्ये ओबामा यांनी जिंकली. इंडियाना १९६४ नंतर आणि नॉर्थ कॅरोलिना १९७६ नंतर प्रथमच डेमोक्रॅटिक पक्षाकडे आले. हे केवळ लांबलेल्या लढतीचे फळ होते असा आमचा दावा नाही. पण लांबलेली लढत अपायकारकच असते, या समजुतीस हा मोठा अपवाद आहे.

क्लिंटन मर्यादेच्या अगदी जवळ गेल्या होत्या, ही गोष्टही नमूद केली पाहिजे. २० मे रोजी ओबामा यांनी मतदारांनी निवडलेल्या वचनबद्ध प्रतिनिधींचे बहुमत गाठले. यापुढे क्लिंटन यांना दोनच वाटा होत्या. पहिली, पदसिद्ध प्रतिनिधींची. खासदार, राज्यपाल व पक्षाधिकारी असे जे प्रतिनिधी कोणासही बांधलेले नसतात, त्यांची संख्या त्या वर्षी एकूण प्रतिनिधींच्या सुमारे पंचमांश होती. त्यांनी मतदारांचा कौल बाजूस सारून क्लिंटन यांना मते द्यावीत, कारण नोव्हेंबरमध्ये त्याच अधिक बलवान ठरतील, असा युक्तिवाद चालू होता. दुसरी वाट फ्लॉरिडा व मिशिगन या दोन राज्यांची होती. या राज्यांनी पक्षाचे वेळापत्रक मोडून जानेवारीतच मतदान उरकले होते व शिक्षा म्हणून त्यांचे सर्व प्रतिनिधी रद्द झाले होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर ओबामा यांचे नावच नव्हते. ३१ मे रोजी वॉशिंग्टनमध्ये नियम-समितीची बैठक होऊन दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना अर्धे अर्धे मत देण्याचे ठरले आणि मिशिगनचे प्रतिनिधी ६९ व ५९ असे विभागले गेले. क्लिंटन यांच्या बाजूने हा वाद अधिवेशनाच्या अधिकारपत्र-समितीपुढे नेण्याचा हक्क राखून ठेवल्याचे जाहीर झाले.

तो हक्क त्यांनी वापरला असता, तर १९८० ची पुनरावृत्ती घडली असती. तो वापरला गेला नाही. ३ जून रोजी ओबामा यांचे एकूण बहुमत झाले आणि ७ जून रोजी वॉशिंग्टनमधील नॅशनल बिल्डिंग म्युझियमच्या सभेत क्लिंटन यांनी मोहीम स्थगित करून ओबामा यांस निःसंदिग्ध पाठिंबा दिला. २० मे ते ३ जून हे पंधरा दिवस आमच्या कसोटीप्रमाणे संशयास्पद आहेत हे कबूल करावे लागेल. परंतु त्या अवधीत काही ठिकाणचे मतदान अद्याप व्हावयाचे होते आणि ते संपताच चार दिवसांत माघार आली, म्हणून त्यांस दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही.

माघारीनंतर जे घडले ते माघारीइतकेच महत्त्वाचे आहे. क्लिंटन यांच्या मोहिमेवर दोन कोटी डॉलरांहून अधिक कर्ज होते व त्यात त्यांची स्वतःची रक्कमही मोठी होती. ते फेडण्यास साहाय्य करण्याचे आवाहन ओबामा यांनी आपल्या देणगीदारांस केले. २७ जून रोजी दोघांची पहिली संयुक्त सभा न्यू हॅम्पशायरमधील युनिटी नावाच्या लहानशा गावी झाली. गावाच्या नावाचा अर्थच ऐक्य; आणि जानेवारीच्या प्राथमिक निवडणुकीत तेथे दोघांना प्रत्येकी १०७ मते पडली होती. अशी स्थळे शोधून काढण्यात अमेरिकन मोहीमव्यवस्थापकांचा हातखंडा असतो, आणि त्याविषयी किंचित हसू आले तरी त्यामागील गरज खरी असते. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्यवार मतगणना चालू असताना क्लिंटन यांनीच उठून, गणना थांबवून ओबामा यांची निवड एकमताने जाहीर करावी, अशी सूचना मांडली. फ्लॉरिडा व मिशिगन यांची पूर्ण मते तोवर परत देण्यात आली होती, कारण आता त्यांनी काहीच ठरणार नव्हते.

माघार ही अशी एक देवघेव असते. पराभूत उमेदवार आपल्या मतदारांची संमती विजेत्याच्या स्वाधीन करू पाहतो आणि त्या बदल्यात काही मागतो. कधी जाहीरनाम्यातील कलमे मागतो, जशी केनेडी यांनी पराभवानंतरही १२०० कोटी डॉलरांच्या रोजगार-कार्यक्रमाची मागणी अधिवेशनाकडून मान्य करवून घेतली. कधी पुढील नियमांत बदल मागतो, जसा १९८८ मध्ये जेसी जॅक्सन यांनी प्रमाणशीर वाटणीचा आग्रह धरला. डेमोक्रॅटिक पक्षाची १९९२ पासूनची समान प्रमाणशीर पद्धत हे मोठ्या अंशी त्या आग्रहाचे फळ आहे. म्हणजे २००८ मध्ये ओबामा यांची आघाडी ज्या नियमाने टिकली, तो नियम वीस वर्षांपूर्वीच्या एका पराभूत उमेदवाराने मिळविलेला होता. परंतु या देवघेवीत एक अडचण आहे. मतदारांची संमती ही उमेदवाराच्या खिशातील वस्तू नव्हे. आपल्या नेत्यास न्याय्य लढत मिळाली व तो मनापासून पाठिंबा देत आहे असे मतदारास वाटले, तरच ती हस्तांतरित होते. फार लवकर, दबावाखाली आलेली माघार ही संमती आणू शकत नाही. आणि फार उशिरा आलेली माघार तोवर विटलेल्या मनांपर्यंत पोहोचत नाही.

बर्नी सँडर्स यांची दोन वेळची वागणूक या दृष्टीने अभ्यसनीय आहे. २०१६ मध्ये ७ जूनपर्यंत हिलरी क्लिंटन यांचे वचनबद्ध प्रतिनिधींतही स्पष्ट बहुमत झाले होते. पदसिद्ध प्रतिनिधींच्या प्रथेवर सँडर्स यांनी आधी कठोर टीका केली होती. पण शेवटच्या आठवड्यांत त्याच प्रतिनिधींनी आपल्याकडे वळावे असे ते म्हणू लागले, ही विसंगती त्यांच्या चाहत्यांनाही लपविता आली नाही. पाठिंबा १२ जुलै रोजी, अधिवेशनास दोन आठवडे उरले असताना आला. मधल्या काळात जाहीरनाम्यात किमान वेतन ताशी १५ डॉलर करण्याचे कलम आले, हे त्यांच्या झुंजीचे यशच होय. परंतु अधिवेशनाच्या तोंडावर पक्षकार्यालयातील पत्रव्यवहार उघडकीस आला, पक्षाध्यक्षा डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना राजीनामा जाहीर करावा लागला, आणि आपला नेता न्याय्य रीतीने हरला नाही अशी सँडर्स यांच्या कित्येक अनुयायांची खात्री झाली. फिलाडेल्फियात स्वतः सँडर्स यांनी क्लिंटन यांची एकमताने निवड व्हावी अशी सूचना मांडली, तरी सभागृहातील असंतोषाचे आवाज थांबले नाहीत. निवडणुकीनंतरच्या एका मोठ्या मतदारपाहणीत सँडर्स यांच्या प्राथमिक मतदारांपैकी सुमारे १२ टक्क्यांनी नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांस मत दिल्याचे आढळले. मिशिगन, विस्कॉन्सिन व पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये मिळून क्लिंटन ८० हजारांहून कमी मतांनी हरल्या, तेव्हा हा आकडा पुष्कळांना निर्णायक वाटला. तो सावधपणे वाचावयास हवा. या मतदारांतील बरेच जण मुळात डेमोक्रॅटिक पक्षाचे नव्हतेच. सँडर्स जूनमध्ये हटले असते तरी ते क्लिंटन यांच्याकडे वळले असते असे मानण्यास आधार नाही.

२०२० मध्ये तेच सँडर्स ८ एप्रिल रोजीच बाजूस झाले व पाचच दिवसांनी त्यांनी जो बायडन यांस पाठिंबा दिला. महामारीमुळे सभा अशक्य झाल्या होत्या. पीट बुटिजेज व एमी क्लोबुशार यांनी ३ मार्चच्या मोठ्या मतदानाच्या आदल्या दोन दिवसांत माघार घेऊन बायडन यांच्यामागे बळ उभे केले होते. शिवाय सँडर्स यांच्या मागण्यांस या खेपेस जागा मिळाली : हवामान, आरोग्य, शिक्षण इत्यादी सहा विषयांवर दोन्ही गटांच्या संयुक्त समित्या नेमल्या गेल्या. येथे एक गमतीची गोष्ट घडली. सँडर्स यांनी उरलेल्या राज्यांच्या मतपत्रिकांवर आपले नाव राहू दिले, कारण त्यांना जाहीरनाम्यावर प्रभाव पाडण्यापुरते प्रतिनिधी हवे होते. न्यू यॉर्कच्या निवडणूक मंडळाने, ज्याने मोहीम थांबविली त्याचे नाव कशास, असे म्हणून प्राथमिक निवडणूकच रद्द केली; संघीय न्यायालयाने ती पुन्हा घेण्यास लावली आणि २३ जून रोजी ती पार पडली. पक्षनियमाप्रमाणे माघार घेतलेल्या उमेदवाराचे राज्यव्यापी प्रतिनिधी दुसऱ्यांकडे जावयाचे. परंतु बायडन यांच्या मोहिमेने करार करून ते सँडर्स यांच्याकडे राहू दिले. विजेत्याने आपल्या हक्काचे शेकडो प्रतिनिधी प्रतिस्पर्ध्याकडे सोडणे हे ऐक्याचे मूल्य किती मानले जाते ते दाखविते. अमेरिकन उमेदवार माघार हा शब्द सहसा उच्चारीत नाहीत, मोहीम स्थगित केली असे म्हणतात, त्याचे मर्मही अशा नियमांत आहे.

आमच्या कसोटीवर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की, मोजणीच खोटी असेल तर बहुमताचा मान कशासाठी राखावा? १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्राथमिक निवडणुका जिंकल्या होत्या. परंतु शिकागोच्या अधिवेशनात २५४ वादग्रस्त जागांपैकी २३५ विल्यम टॅफ्ट यांस व अवघ्या १९ रूझवेल्ट यांस देण्यात आल्या. रूझवेल्ट बाहेर पडले, त्यांनी निराळा पक्ष काढला आणि फुटीचा लाभ वुड्रो विल्सन यांना झाला. तेथे मतदारांचा कौल उलथविणारा पराभूत नव्हता, पक्षयंत्रणा होती. म्हणून पक्षैक्यासाठी रूझवेल्ट यांनी गप्प बसावयास हवे होते, असे आम्ही म्हणणार नाही. हा आक्षेप कसोटीस मारक नाही, उलट तिचा अर्थ स्पष्ट करणारा आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षात टेड क्रूझ यांनी ३ मे रोजी, इंडियानात हरताच माघार घेतली. वेळेच्या दृष्टीने ती निर्दोष होती. तरीही जुलैत क्लीव्हलँडच्या अधिवेशनात ट्रम्पविरोधी प्रतिनिधींनी वचनबद्धता सैल करण्याचा प्रयत्न केला व तो आवाजी मतदानाने फेटाळला गेला. आणि दोन दिवसांनी क्रूझ यांनी व्यासपीठावरून ट्रम्प यांचे समर्थन न करता, मतदारांनी विवेकास स्मरून मत द्यावे असे सांगितले. सभागृहाने त्यांची हुर्यो केली. पाठिंबा सप्टेंबरच्या अखेरीस आला. इतके होऊनही पक्ष नोव्हेंबरमध्ये जिंकला. यावरून एवढे निश्चित होते की माघारीची योग्यता नोव्हेंबरच्या निकालावरून ठरविता येत नाही. अनैक्य असूनही पक्ष जिंकतात व ऐक्य असूनही हरतात. ही बाब पक्ष व त्याचे मतदार यांच्यातील विश्वासाची आहे आणि तिचे मोजमाप एका निवडणुकीत होत नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण याच दिशेने विचार करावयास लावते. २०२४ मध्ये निकी हेली यांनी केवळ वॉशिंग्टन जिल्हा व व्हरमाँट येथे विजय मिळविला आणि ६ मार्च रोजी मोहीम थांबविली. त्या दिवशी त्यांनी ट्रम्प यांस पाठिंबा दिला नाही. आपल्या मतदारांची मने ट्रम्प यांनी स्वतः जिंकावीत असे सुचविले. त्यानंतरही एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियात सुमारे १६ टक्के आणि मेमध्ये इंडियानात २१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी मैदानात नसलेल्या हेली यांच्या नावापुढे खूण केली. मे महिन्याच्या उत्तरार्धात त्यांनी आपण स्वतः ट्रम्प यांस मत देणार असल्याचे सांगितले, ९ जुलै रोजी आपले ९७ प्रतिनिधी मोकळे केले आणि १६ जुलै रोजी मिलवॉकीच्या अधिवेशनात पाठिंब्याचे भाषण केले. पेनसिल्व्हेनिया व इंडियाना येथे त्यांच्या नावावर मत देणाऱ्यांपैकी किती जणांनी ते भाषण आपल्यासाठी आहे असे मानले, हा प्रश्न राज्यवार निकाल व मतदारपाहण्या समोर ठेवून एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घेण्याजोगा आहे.